खोक्यातून आलेलं विमान

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे. तिच्याकडून विमान मागवलं, तर दारात येतात लाकडी खोकी. आत ॲल्युमिनियमचे कापलेले, भोकं पाडलेले पत्रे, रिव्हेटच्या पिशव्या आणि नकाशे. जोडायचं आपण, बहुधा गाडीच्या गॅरेजमध्ये!

सुरुवात सहसा शेपटीपासून. हा भाग लहान, त्यामुळे हातही बसतो आणि आपली हौस किती टिकाऊ आहे तेही कळतं.

दोन पत्रे आधी क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चापांनी तात्पुरते धरतात. मग एकजण बाहेरून हवेवर चालणारी रिव्हेट गन लावतो, दुसरा आतून जड पोलादी ठोकळा टेकवून धरतो. क्षणभर धडधड, की रिव्हेटचं टोक चपटं. वाकडं बसलं तर ड्रिलनं काढायचं, पुन्हा ठोकायचं. असे हजारो रिव्हेट. ठोकळा धरणारा बहुधा घरचाच माणूस, म्हणजे विमानाआधी संसाराची चाचणी!

मग इंजिन, वायरिंग, रेडिओ. काट्यांच्या तबकड्यांऐवजी हल्ली रंगीत पडदे बसवतात. खिसा खरा रिकामा होतो तो इथे.

कायदा म्हणतो, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं हवं. विमानाची तपासणी होते आणि त्यावर ‘एक्सपेरिमेंटल’ असं लिहावं लागतं. पहिले साधारण २५ ते ४० तास ठरावीक टापूतच चाचणीची उड्डाणं, तीही प्रवासी न घेता. नातवंडांनी तोवर खालूनच हात हलवायचा.