परळचा शिव आणि बुरुड राजाचा कोट

१९३१ सालीं मुंबईंत परळ आणि शिवडी यांच्या दरम्यान रस्त्याचें काम चालू असतां जमिनींतून एक प्रचंड शिळा निघाली. माती दूर झाली तेव्हां दिसली ती दोन पुरुष उंचीची शिवमूर्ति. मध्यें एकावर एक अशा तीन आकृति, त्यांच्या दोहों अंगांनीं उमलल्यासारख्या आणखी चार, आणि खालीं वाद्यें घेतलेले गण. तज्ज्ञ ही शिळा इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांतील मानतात. घारापुरीच्या लेण्यांच्या शेजारीं तिनें मान खालीं घालण्याचें कांहींच कारण नाहीं.

अशी वस्तु सांपडली म्हणजे ती संग्रहालयांत जावयाची, हा रूढ शिरस्ता. परंतु परळ त्या काळीं गिरणगांव होतें. भोंग्याच्या आवाजावर उठणाऱ्या त्या वस्तींत ही मूर्ति जवळच्या बारादेवीच्या देवळांत नेण्यांत आली, आणि तेथें तिची पूजा होऊं लागली. मूळ शिळा आजही तेथेंच आहे. त्या वेळीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, आणि आतां छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयांत आहे तो तिचा ठसा. देव आपल्या दारीं आला असतां तो दुसऱ्याच्या दालनांत कां धाडावा, असा वस्तीचा सरळ हिशेब असावा. पुढें सरकारनेंही या शिळेला संरक्षित स्मारकांच्या यादींत स्थान दिलें. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागीं मनोरे चढले. शिव मात्र परळ सोडून गेला नाहीं.

सोपाऱ्याची हकीकत याच्या उलट आहे. नालासोपाऱ्यास एका टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें खणलें, आणि तो कोट नसून बौद्धांचा स्तूप असल्याचें सिद्ध झालें. आंत दगडी पेटी. पेटींत तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांच्या पोटीं सोन्याचा, असे एकांत एक करंडक. सोन्याच्या करंडकांत मातीच्या पात्राच्या कांहीं खापऱ्या. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे हे अवशेष असावेत, असें पंडितजींचें मत होतें. हा सारा ठेवा मुंबईच्या टाउन हॉलांत, एशियाटिक सोसायटीकडे गेला. तेथें तो सुरक्षित राहिला हें निर्विवाद आहे. पण ज्या गांवानें तें टेकाड एका राजाच्या नांवावर शतकानुशतकें सांभाळलें, त्याच्या वांट्याला विटांचा ढीग तेवढा उरला. बुरुड राजा ही लोककल्पना असेल. परंतु त्या नांवाच्या धाकानें व कौतुकानें जें राखलें गेलें, तें कोणत्याही कायद्याच्या आधींचें आहे.

पूजेनें सर्व कांहीं टिकतें असें मात्र नव्हे. तेलशेंदराचीं पुटें चढून कित्येक वीरगळांवरचे घोडेस्वार बुजले आहेत. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या देवळांच्या भिंतींवर गुळगुळीत फरश्या बसल्या आहेत. भक्तीला सल्ला लागतो, आणि तो शेजाऱ्याच्या नात्यानें दिला तरच ऐकला जातो.

कायदा मात्र नोटिशीच्या भाषेंत बोलतो. १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती झाली. तिच्या अन्वयें राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोंवतीं निदान १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढें २०० मीटरपर्यंत परवानगीनेंच. हेतु चांगलाच आहे. पण जोगेश्वरीच्या लेण्याला खेटून राहणाऱ्या कुटुंबाला लेण्याचा पहिला परिचय इतिहासानें होत नाहीं. छप्पर गळूं लागलें असतां कोणत्या कचेरींत अर्ज करावा या चिंतेनें होतो. मग लेणें हें वैभव न वाटतां घरावरची आपत्ति वाटूं लागते. पाया खणतांना कोरीव दगड लागला तर काम थांबेल या भीतीनें तो रातोरात पुन्हां गाडला जाण्याचा संभव असतो, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नाहीं. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील सांपडलेल्या वस्तूची वर्दी देणें बंधनकारक आहे. भीति त्या वर्दीच्या आड येते.

या भीतीवर उपाय पहारेकऱ्याजवळ नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाशीं संबंधित अभ्यासकांनीं व विद्यार्थ्यांनीं साष्टींतल्या गल्ल्याबोळांतून पायीं हिंडून जुन्या शिळांच्या नोंदी केल्या. अशा वेळीं खरा वाटाड्या म्हणजे जवळच्या घरांतील आजीबाई. कोणता दगड कोणत्या विहिरीवरून आणला, कोणाच्या अंगणांत तो पालथा पडला आहे, हें तिला ठाऊक असतें. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर जहाजांच्या लढाया कोरलेल्या आहेत. त्यांच्या भोंवतालच्या मुलांना त्या लढाया वाचावयास शिकविल्या, तर तेथें कुंपणाची उंची वाढवावी लागणार नाहीं. दगडाची वर्दी देणाऱ्याचें नांव त्या दगडाशेजारीं लागावें, आणि बांधकाम अडल्यामुळें होणारें त्याचें नुकसान सरकारनें सोसावें. वारसा सर्वांचा असेल, तर त्याचा भार एकट्या घरमालकावर कां?

परळला मूळ शिळा लोकांत राहिली आणि ठसा संग्रहालयांत गेला. सोपाऱ्याला हाच न्याय उलट्या दिशेनें लावतां येईल. करंडकांच्या हुबेहूब प्रतिकृति स्तूपाजवळच पाहावयास मिळाव्यात, आणि तेथील पाटीवर ‘स्तूप’ या शब्दाखालीं ‘बुरुड राजाचा कोट’ हेंही नांव तितक्याच ठळक अक्षरांत असावें.