वरच्या मजल्यावरचा वर्ग

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त अहमदाबाद येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘हवामानबदल आणि बालकांचे संरक्षण’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय आकाशाएवढा आहे. त्यात हिमनद्या येतात, समुद्राची पातळी येते, राष्ट्रांच्या परिषदा येतात. त्यांतल्या कशाविषयीही मी आज फारसे बोलणार नाही. आपण ज्या शहरात राहतो, तेथे घडलेली एक छोटी गोष्ट मला सांगावयाची आहे. त्या गोष्टीत एका इमारतीचे काही जिने उतरण्यापलीकडे विशेष काही घडत नाही. आणि तरीही शाळांच्या पर्यावरण-कार्यक्रमांविषयी माझे जे म्हणणे आहे, ते सारे तिच्यात सामावलेले आहे.

२०१० सालचा मे महिना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या महिन्यात अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. पुढे संशोधकांनी मृत्युनोंदी तपासल्या, तेव्हा आगच्यामागच्या वर्षांच्या मे महिन्यांशी तुलना करता त्या एका महिन्यात शहरात १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसले. पूर किंवा भूकंप आला की माणसे कशाने गेली हे डोळ्यांना दिसते. उष्णता तशी दिसत नाही. हृदयविकार, ताप, अशक्तपणा अशा नावांनी ती दाखल्यावर येते, आणि म्हणूनच तिच्याविषयी फारशी खळबळ उडत नाही.

सरसपूर भागातील शारदाबेन रुग्णालय महानगरपालिकेचे. वातानुकूलनाची सोय नसलेले आणि साध्या, कष्टकरी कुटुंबांचे रुग्णालय. तेथील प्रसूतिकक्ष त्या वेळी वरच्या मजल्यावर होता. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत उष्णतेच्या त्रासाने नवजात अतिदक्षता विभागात दाखल करावी लागलेली अर्भके २००९ मध्ये ८ होती; २०१० मध्ये ती २४ झाली. जन्माला येऊन काही दिवसही न झालेली ही बाळे उन्हात गेलेली नव्हती. ती आईजवळ, छताखाली, रुग्णालयातच होती. तापत होते ते छत.

२०१० च्या त्या उन्हाळ्यानंतर प्रसूतिकक्ष खालच्या मजल्यावर आणला गेला. २०११ मध्ये त्याच तीन महिन्यांतील अशा अर्भकांची संख्या ४ वर आली. ‘पुढचा उन्हाळा सौम्य असेल, म्हणून संख्या घटली,’ अशी शंका येथे कोणीही घेईल, आणि ती रास्तच आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापमानाचा परिणाम आणि मजल्याचा परिणाम वेगवेगळा मोजला गेला. ४२ अंशांच्या पुढे प्रत्येक अंशाला अशा दाखल होणाऱ्या बाळांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत होती, आणि कक्ष खाली आणल्याचा संरक्षक परिणाम त्याहून निराळा दिसून आला. नवे औषध नाही, परदेशी यंत्र नाही. खाटा खाली नेल्या, एवढेच.

पुढे २०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील ती अशी पहिली शहरी योजना. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञांचा तिच्यात मोठा वाटा होता. हवामानाचा अंदाज आला की रुग्णालयांना आगाऊ सूचना जाते, पाणपोया लागतात, बागा दुपारी उघड्या राहतात. दादासाहेब मावळंकरांसारख्या मराठी माणसाने ज्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले, तिच्या या कामाचा आपल्यालाही थोडा अभिमान वाटावयास हरकत नाही. पुढे नागपूरनेही हा मार्ग धरला. विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांना ते ठाऊक असेल.

आता मुलांकडे वळू. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. त्यामुळे भोवतालची हवा अंगापेक्षा गरम झाली की ती उष्णता त्याच्या शरीरात लवकर शिरते. त्याला घाम मोठ्यांच्या मानाने कमी येतो. तहान लागली तरी खेळाच्या भरात ते पाणी पीत नाही. आणि तान्ह्या बाळाला तर सांगताच येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण कोणत्या खोलीत बसावे, हे मूल ठरवीत नाही. ते आपण ठरवतो. युनिसेफने २०२१ मध्ये बालकांच्या हवामान-जोखमीचा निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात १६३ देशांमध्ये भारताचा क्रमांक २६ वा होता. या देशात मूल कोठे बसते, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या शाळांतील पर्यावरण-कार्यक्रम पाहा. आपल्या देशाने या बाबतीत हयगय केली असे नाही. पर्यावरण शिक्षण केंद्र १९८४ मध्ये याच शहरात उभे राहिले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्णय दिला आणि पर्यावरण हा विषय शाळांत अनिवार्य होण्याचा मार्ग मोकळा झाला. २००१ पासून राष्ट्रीय हरित सेना आली, शाळाशाळांतून पर्यावरण मंडळे निघाली. परंतु प्रत्यक्षात घडते काय? ५ जूनला पर्यावरण दिन. मुले रांगेने उभी राहतात, पाहुणे रोप लावतात, छायाचित्र निघते. अहमदाबादेत ५ जूनला पावसाचा पत्ता नसतो, हे रोपाखेरीज सर्वांना ठाऊक असते. मग चित्रकला स्पर्धा होते. ‘पृथ्वी वाचवा’ असे दहा वर्षांचे मूल रंगवते आणि ते चित्र वरच्या मजल्यावरच्या, भट्टीसारख्या तापलेल्या वर्गाच्या भिंतीवर लागते.

मुलांनी पर्यावरण शिकू नये, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. गेली कित्येक वर्षे मी हेच काम करीत आलो आहे. परंतु जे काम मोठ्यांचे आहे, ते आपण हळूच मुलांच्या खांद्यावर ठेवून मोकळे होतो, असे मला दिसते. पृथ्वी वाचविण्याची शपथ मुलांनी घ्यावयाची, आणि त्यांच्या डोक्यावरचे छत मात्र तसेच राहावयाचे! शाळेचा पर्यावरण-कार्यक्रम छतापासून सुरू व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

छताचे शास्त्र अवघड नाही. गडद छत ऊन शोषून घेते आणि ते रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहते. पांढरे छत बरेचसे ऊन परत पाठवते. चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा हात दिला की खालच्या खोलीचे तापमान साधारणपणे २ ते ५ अंशांनी उतरते. २०१७ मध्ये महानगरपालिकेने गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० छतांवर हा प्रयोग केला. खरे तर या शहराला यात नवे काही नाही. जुन्या पोळांमधली घरे आठवा: मधला चौक, त्याखाली पावसाच्या पाण्याचे टांके, एकमेकांना सावली देणाऱ्या भिंती. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसविणे ही तर इथल्या गवंड्यांची रोजची विद्या. पुण्यात जन्मलेले आणि या शहराचे झालेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी आपल्या ‘संगाथ’ या वास्तूच्या घुमटाकार छतांना हेच तुकडे लावले.

काही पालक मला विचारतात, ‘सर, सरळ वातानुकूलन यंत्रे का बसवू नयेत?’ ज्यांना परवडेल ते बसवतील. परंतु ते यंत्र वर्गातली उष्णता शेजारच्या गल्लीत फेकते, आणि त्या गल्लीतही कोणाची तरी मुले राहतात. शिवाय तापलेल्या छताखाली ते अखंड चालवावे लागते. आधी छत, मग पडदे व खिडक्या, मग पंखे. त्यानंतरही गरज उरली तर यंत्राचा विचार करावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली. ठरावीक वेळी घंटा झाली की सर्व मुलांनी पाणी प्यावयाचे. पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. कल्पना सुंदर आहे आणि तिला खर्च नाही. पण येथे मातांना एक गोष्ट सांगावयास नको. पुष्कळ मुली शाळेत मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात जाण्याची त्यांना किळस किंवा भीती वाटते. तेथे कडी नसेल, पाणी नसेल, तर दिवसातून दहा घंटा वाजवूनही उपयोग नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी हाही पर्यावरण-कार्यक्रमाचाच भाग आहे, असे मी म्हणतो तेव्हा काहीजण हसतात. मी ते विनोदाने म्हणत नाही.

उन्हाची लाट आली की शाळा बंद ठेवाव्यात, अशी मागणी हल्ली वारंवार होते. ज्यांच्या घरी जाड भिंती आणि थंड खोल्या आहेत, त्यांच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु मराठी शाळेत येणारी पुष्कळ मुले पत्र्याच्या छपराखाली राहतात, आणि आई-वडील दोघेही कामावर असतात. शाळेची इमारत नीट केली, तर दुपारी त्या मुलांसाठी वस्तीतली सर्वांत थंड जागा शाळाच ठरेल. मग सुट्टी जाहीर झाली तरी दोन खोल्या उघड्या ठेवून त्यांना बसता येईल. सकाळची शाळा, प्रार्थना मैदानाऐवजी सावलीत, उन्हाळ्यात बूट-टायची सक्ती नाही: हे निर्णय तर एका बैठकीत होण्यासारखे आहेत.

आपण छत रंगविल्याने जगाचे तापमान उतरणार नाही, हे मला ठाऊक आहे. कोळसा आणि तेल जाळणे कमी करण्याचा लढा वेगळा आहे, तो मोठा आहे आणि तो चालूच राहिला पाहिजे. परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत पाचवीतल्या मुलाला थांबवून ठेवता येत नाही. त्याचे पाचवीचे वर्ष एकदाच येते.

आता थोडे धाडसाचे बोलतो, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. महोत्सव निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारावी, असा एक प्रस्ताव असल्याचे मला कळले. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेला कमान शोभते, यात वाद नाही. परप्रांतात मराठी शाळा इतकी वर्षे टिकली, हे मिरविण्यासारखेच आहे. पण माझी नम्र विनंती आहे की पहिला खर्च गच्चीवर व्हावा, दुसरा मुलींच्या स्वच्छतागृहांवर, तिसरा मैदानाच्या पश्चिमेकडील सावलीवर. उरलेल्या पैशांत कमान बसेल तर अवश्य बसवावी. नवे पालक प्रवेश घेताना कमानीखालून वर्गात येतात, आणि आपल्या मुलाने कोठे बसावे याचा निर्णय वर्गात उभे राहूनच करतात.

विज्ञान शिक्षकांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या मार्चपासून तळमजल्यावरच्या आणि वरच्या मजल्यावरच्या एकेका वर्गात साधे तापमापक लावावयाचे आहेत. सातवी-आठवीची मुले रोज ११ वाजता व दुपारी २ वाजता नोंद घेतील. छत रंगविण्याच्या आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना, असे आकडे मिळतील. मुलांना विज्ञानही कळेल आणि आम्हा मोठ्यांचे काम तपासण्याचा अधिकारही मिळेल. नोंदवही कार्यालयात राहील. कोणत्याही पालकाने किंवा माजी विद्यार्थ्याने ती केव्हाही मागून पाहावी.