घरातील श्वासयंत्राची निगा

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी भरलेल्या रुग्ण-आप्त मेळाव्यात श्वसनविकार विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आमच्या विभागाने किती जणांची निद्राचाचणी केली, किती जणांना यंत्रे मिळवून दिली, याचा तक्ता वार्षिक अहवालात आपणांस वाचावयास मिळेलच. त्या तक्त्यात एक रकाना नाही आणि आज आम्ही त्याच रकान्याविषयी बोलणार आहोत. दिलेल्या यंत्रांपैकी किती यंत्रे काही महिन्यांतच कपाटावर जाऊन बसली, हा तो रकाना होय.

मालवाहू गाडी चालविणारे एक गृहस्थ आमच्याकडे उपचार घेत होते. निद्राश्वासरोधाचा, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचा, त्यांचा विकार तीव्र स्वरूपाचा होता. सीपॅप यंत्र मिळाल्यावर त्यांना इतके बरे वाटले की पहिल्या महिन्यात ते पेढे घेऊन आले. पुढे ते आलेच नाहीत. आले ते थेट वर्षभराने, पत्नीसह. घाटात पहाटे त्यांचा डोळा लागला आणि शेजारी बसलेल्या क्लीनरने वेळीच स्टिअरिंगला हात घातला म्हणून दोघेही वाचले. यंत्र का सोडले, असे विचारता ते ओशाळून म्हणाले, “मुखवट्याला वास मारायचा, नाकावर जखम झाली, आणि नळीतून पाणी तोंडावर यायचे.” त्यांनी पिशवीतून यंत्र काढले. भांड्यात जुने पाणी तसेच होते, तळाशी पांढरा थर आणि कडेला हिरवट शेवाळ. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “हे धुवायचे असते, हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते. यंत्र कसे चालू करावे, पट्टा कसा बांधावा, हे आम्ही शिकविले होते. सकाळी उठल्यावर त्याचे काय करावे, हे शिकविले नव्हते. दोष आमचा होता. तेव्हापासून यंत्र नेणाऱ्याबरोबर घरातील एक व्यक्ती यावी असा आग्रह आम्ही धरतो आणि आजचे हे भाषणही त्याच चुकीची फेड आहे.

विकाराविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय. घोरणारा सुखाने झोपला आहे असेच आपण मानतो. वस्तुतः झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला दचकवून अर्धवट जागे करतो. तासाला तीस किंवा अधिक वेळा असे घडल्यास विकार तीव्र समजला जातो. 1980 सालापर्यंत अशा रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडणे हाच मोठा उपाय होता. सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची युक्ती काढली आणि 1981 मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीची यंत्रे झाडलोटीच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून बनविली जात आणि मुखवटा रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. त्या मानाने आजचे यंत्र फारच सुटसुटीत आहे.

एक गैरसमज मात्र प्रथम दूर करावयास हवा. हे यंत्र प्राणवायू देत नाही. ते आपल्याच खोलीतील हवा ओढते आणि दाबाने आपल्या नाकात सोडते. खोलीत धूळ असेल तर धूळ, उदबत्तीचा धूर असेल तर धूर. निगेचे सारे शास्त्र या एका गोष्टीतून निघते.

आता मुखवट्याकडे वळू. त्याची कड मऊ सिलिकोनची असते आणि तिचे मोठे वैर तेलाशी आहे. रात्रभरात चेहऱ्याचा तेलकटपणा तिच्यावर बसतो, कड निसरडी होते, मुखवटा सरकतो, हवा बाहेर पडते. मग रुग्ण पट्टा आवळतो. तरीही हवा जाते, म्हणून आणखी आवळतो. नाकाच्या दांड्यावरील जखम अशी होते आणि तिला आपण ‘यंत्र सोसले नाही’ असे नाव देतो. आमच्या त्या चालकबंधूंचे नेमके हेच झाले होते. यावर उपाय अगदी साधा आहे. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा. क्रीम किंवा व्हॅसलीन लावू नये. डोक्याला खोबरेल लावावयाचे असेल तर ते सकाळी लावावे, कारण रात्रीचे तेल पट्ट्यात मुरते आणि पट्टा ताण सोडतो. सकाळी उठल्यावर, दात घासण्याच्या वेळीच, मुखवट्याची कड कोमट पाण्यात सुवास नसलेल्या सौम्य साबणाने बोटांनी चोळून धुवावी. साबणाचा अंश राहू देऊ नये. त्याने त्वचेला खाज सुटते. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच किंवा भांडी घासण्याची पावडर यांपैकी काहीही वापरू नये. जंतू मारण्याच्या उत्साहात सिलिकोनच मरते.

आणि वाळवावे सावलीत. हे सांगताना आम्हांला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. पापडापासून गादीपर्यंत सर्व काही उन्हात टाकून शुद्ध करणारी आपली माणसे. त्यांना ऊन नको म्हणणे जिवावर येते. परंतु प्रखर उन्हाने सिलिकोन पिवळे पडते, कडक होते आणि कडेला चिरते. पंख्याखाली, स्वच्छ पंचावर ठेवावे, एवढे पुरे.

पाण्याच्या भांड्याबद्दल मात्र सविस्तर बोलणे भाग आहे, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. नाक कोरडे पडू नये म्हणून हवा ओलसर करण्याकरिता हे भांडे असते. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे. बोअरवेलचे जड पाणी घातले की क्षार तळाशी बसतात. बंबाच्या किंवा गीझरच्या आत बसतो तसाच तो पांढरा थर. “आम्ही उकळून घालतो” असे अनेक भगिनी सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण क्षार उडून जात नाहीत. घरच्या आरओ यंत्राचे पाणी डिस्टिल्ड पाण्याच्या जवळ जाते, तरी ते तसे नव्हे. एखाद्या रात्री अडचण पडल्यास चालेल, रोजची सवय करू नये. पेट्रोलपंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी डिस्टिल्ड म्हणून विकले जाते. परंतु ते बॅटरीसाठी असते, श्वासासाठी नव्हे. ते कृपया वापरू नका. औषधाच्या दुकानातून घ्यावे.

रात्री उरलेले पाणी सकाळी ओतून टाकावे. त्यात नवे पाणी घालून ‘पुरवून’ वापरू नये. काटकसर हा गुण आहे, पण येथे नाही. कोमट, साचलेले पाणी म्हणजे जंतूंना आमंत्रणच. भांडे रोज धुवावे आणि आठवड्यातून एकदा एक भाग पांढरे व्हिनेगर व दहा भाग पाणी घालून थोडा वेळ ठेवावे, म्हणजे क्षार सुटतात; नंतर व्हिनेगरचा वास जाईपर्यंत खळाळून धुवावे. तारेच्या घासणीने खरवडू नये. सर्दी झाली की भांड्यात निलगिरीचे तेल, कापूर किंवा ओव्याचा अर्क टाकणारे रुग्णही आम्ही पाहिले आहेत. वाफारा घेणे निराळे. येथे मात्र ते तेल दाबाने रात्रभर फुफ्फुसांत जाते आणि भांड्याचे प्लास्टिकही खराब करते.

यंत्र हलविण्यापूर्वी भांडे रिकामे करावे. पाण्यासह यंत्र उचलले, कलंडले, की पाणी मोटरीत जाते. यंत्र डोक्याच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवावे. जमिनीवर नको, पडद्याला लागून नको. नळीत साचलेले पाणी तोंडावर येण्याची तक्रार बहुधा गारठ्याच्या रात्री असते: उबदार ओलसर हवा थंड नळीत निवते. यंत्र खाली असले तर ते पाणी मागे जाते. नळीला कापडी आवरण घालावे किंवा आर्द्रतेचा आकडा कमी करावा.

नळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने आतून धुऊन, दोन्ही टोके खाली येतील अशी दांडीवर टांगावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातील रुग्णांची तक्रार असते की ती दोन दिवस वाळत नाही. अशा वेळी भांड्यात पाणी न घालता नळी यंत्राला जोडून काही मिनिटे हवा चालू ठेवावी. पट्टेही आठवड्याने हाताने धुवावेत. इस्त्री करू नये.

यंत्राच्या मागील बाजूस गाळणी असते, ती मात्र बहुतेक रुग्णांनी कधी पाहिलेलीच नसते. कागदासारखी पांढरी गाळणी धुता येत नाही. ती महिन्याने, आणि शेजारी बांधकाम चालू असेल किंवा दिवाळीच्या धुराचे दिवस असतील तर त्याआधीच, बदलावी. फोमची गाळणी धुता येते. ती पूर्ण वाळल्यावरच बसवावी. जुन्या सोफ्याचा स्पंज कापून बसविलेले एक यंत्र आमच्याकडे आले होते. त्याचा चुरा श्वासात जातो, हे त्या गृहस्थांच्या ध्यानी आले नव्हते. या धोक्याला फार मोठी साक्षही आहे. जून 2021 मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीने जगभरातील आपली लाखो यंत्रे परत मागविली, कारण यंत्राच्या आत आवाज दाबण्यासाठी बसविलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या मार्गात येऊ शकत होते. उष्ण व दमट हवा आणि ओझोन वायूने केलेली स्वच्छता यांमुळे ही झीज वाढू शकते, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. नळीत किंवा मुखवट्यात काळे कण दिसले तर ते पुसून टाकून गप्प बसू नये. यंत्र घेऊन या.

ओझोनचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ‘साबण नको, पाणी नको, पेटीत ठेवा आणि निर्जंतुक करा’ अशा जाहिरातीच्या ओझोनच्या किंवा अतिनील किरणांच्या पेट्या विकल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2020 मध्ये अशा साधनांविषयी सावधगिरीची सूचना दिली होती. ओझोन स्वतःच फुफ्फुसांना त्रासदायक आहे. रोजच्या पाच मिनिटांच्या धुण्याला पर्याय म्हणून कोणी पेटी विकू लागल्यास पैसे खर्च करण्यापूर्वी आम्हांला विचारा.

शेवटी देणगीदारांसाठी थोडे. घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यावर तिचे यंत्र गरजूला द्यावे, ही भावना मोठी आहे आणि अशा यंत्रांनी आमचे अनेक रुग्ण उभे राहिले आहेत. परंतु यंत्र परस्पर शेजाऱ्याला देऊ नका. दाब प्रत्येकाचा निराळा असतो. एकाचा दाब दुसऱ्याला निरुपयोगी किंवा असह्य ठरतो. रुग्णालयाकडे दिल्यास आम्ही ते परत मागविलेल्या यंत्रांपैकी नाही ना हे पाहतो, आतून तपासून घेतो आणि मुखवटा, नळी, भांडे व गाळणी नवी देतो. त्या नव्या वस्तूंचा खर्च गरीब रुग्णाला जड जातो, आणि तो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येतो. यंत्र देणारे हात मिळतात. गाळणी आणि मुखवट्याच्या कडेसाठी देणगी मागितली की लोक आश्चर्याने पाहतात. विश्वस्तांनी याकरिता स्वतंत्र निधीचा विचार करावा, अशी आमची जाहीर विनंती आहे.

त्या चालकबंधूंचे यंत्र साफ करून, नवी कड व नवी गाळणी बसवून आम्ही परत दिले. त्यांच्या पत्नी दर तीन महिन्यांनी तपासणीला स्वतः मुखवटा घेऊन येतात, उजेडाकडे धरून दाखवितात आणि आमच्या परिचारिकांनी चूक काढली तर त्यांना राग येतो. आज त्या येथे मागच्या रांगेत बसल्या आहेत. ज्यांनी आपली यंत्रे सोबत आणली असतील त्यांनी चहापानानंतर शेजारच्या दालनात यावे. तेथे दोन टेबले मांडली आहेत. एकावर आमच्या परिचारिका असतील आणि दुसऱ्यावर त्या.