टेकवा, पण काय?

2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर नवी मुलं बरीच दिसू लागली आहेत. सामन्यात एकाच हातानं, उभ्यानं, कशालाही न टेकता नेम धरायचा, हे त्यांना पाठ असतं. सरावात मात्र आधार खुशाल घ्या. साइट जुळवायला, ट्रिगरवरच्या बोटाला वळण लावायला तो हवाच. माझी तक्रार वेगळी आहे. मुलं हात टेकवत नाहीत, पिस्तूल टेकवतात! नळी टेबलाच्या कडेवर, आणि वर मलाच विचारतात, “सर, तरी छर्रे का फाकतात?”

घरी आजी सुईत दोरा ओवताना बघितलीत? ती कोपर गुडघ्यावर टेकवते. सुई कधी पाटावर टेकवते का? सुई तिच्या चिमटीतच असते, मनगट पक्कं. नजर नेढ्यावर, मागचं लुगडं धूसर दिसलं तरी तिला त्याचं काही नाही. तुमचंही तसंच, पुढच्या साइटची माशी स्पष्ट, टार्गेट धूसर. आणि आजी दोरा खुपसत नाही, सरकवते. ट्रिगरही तसाच यायला हवा. चष्मा मात्र तिला लागतो, तुमच्यातल्या काहींनाही लागतो, पण ते पुन्हा कधीतरी.

तर, पिस्तूल टेकलं की मनगट सैल पडतं. वजन टेबलानं उचललंय ना! मग बोट ओढलं की माशी मागच्या साइटच्या खाचेत तिरकी होते. हिशेब करा. दोन साइट्समध्ये साधारण 32 सेंटिमीटर अंतर. अख्खा हात सरळच्या सरळ 1 मिलिमीटर सरकला, तर छर्राही 1 मिलिमीटरच सरकतो. पण माशी खाचेत 1 मिलिमीटर हलली, तर 10 मीटरवर 31 मिलिमीटरचा फरक. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, तुम्ही गेलात सातात. आधारानं हाताची थरथर जाते हो, ही चूक जात नाही.

स्प्रिंगचं पिस्तूल असेल तर आणखी वाईट. छर्रा नळीतून सुटायच्या आतच पिस्टनचा धक्का बसतो, आणि कडक लाकडावरून पिस्तूल उसळतं. म्हणून वाळूची पिशवी घ्या, नाहीतर जुन्या उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरा. ती मनगटाच्या मागे, हाताखाली. पुन्हा सांगतो, हाताखाली. नळी मोकळी, मूठ उभ्यानं धरता तेवढीच घट्ट.

पिशवी नीट बसली, की वेगवेगळ्या डब्यांतले पाच-पाच छर्रे मारून बघा. कुठला डबा तुमच्या नळीला मानवतो ते कागदावरच दिसतं. त्यात गंमत अशी, की एकाच कंपनीचे दोन डबेसुद्धा… काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत, वेळ संपली. बरं. हाताखाली हं, पिस्तुलाखाली नाही.