वृषणांचा पोटातून खाली उतरण्याचा प्रवास आणि मज्जातंतू

मुलाच्या गर्भात वृषणे तयार होतात ती पोटात, मूत्रपिंडांच्या लगत. तिथून ती खाली सरकत जांघेतून अंडकोशात येतात. शुक्रजंतू नीट तयार होण्यासाठी शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी तापमान लागते, ते अंडकोशात मिळते. या स्थलांतराची खूण मात्र आयुष्यभर राहते. वृषणाला मार बसला की कळ पोटात, बेंबीच्या आसपास उठते, कारण खाली येताना वृषणाने आपले पोटातले मज्जातंतू सोबतच आणलेले असतात.

हा प्रवास दोन टप्प्यांत होतो. वृषणाच्या खालच्या टोकाला एक मऊ बंध असतो. जॉन हंटर या शल्यविशारदाने १७६२ साली त्याला ‘गुबर्नाक्युलम’ हे नाव दिले. साधारण आठव्या ते पंधराव्या आठवड्यात वृषणातूनच स्रवणाऱ्या एका संप्रेरकामुळे हा बंध जाड होतो आणि वृषण जांघेच्या आतल्या तोंडाशी धरून ठेवतो. पुढे पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यात हाच बंध जांघेतून अंडकोशाकडे लांबत जातो. या टप्प्याला टेस्टोस्टेरॉन आवश्यक असते.

पण बंधाला दिशा कोण देते? १९४८ मध्ये लुईस या संशोधकाने नवजात उंदरांमधला जेनिटोफेमोरल मज्जातंतू कापून पाहिला. वृषणे उतरलीच नाहीत. कमरेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूतून निघणारा हा मज्जातंतू गुबर्नाक्युलमपर्यंत पोहोचतो. मेलबर्नचे बालशल्यविशारद जॉन हटसन यांनी १९८०च्या दशकापासून हा धागा चिकाटीने पुढे नेला. त्यांच्या मांडणीनुसार टेस्टोस्टेरॉन या मज्जातंतूला घडवते आणि मज्जातंतू आपल्या टोकांतून सीजीआरपी नावाचे प्रथिन सोडतो. नवजात उंदराचा बंध काढून बशीत ठेवला आणि त्यावर सीजीआरपी टाकले, की तो लयीत आकुंचन पावू लागतो. हे दृश्य या मांडणीचा सर्वांत बोलका पुरावा म्हटले पाहिजे.

मात्र उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. उंदराच्या बंधात वृषण वर ओढणारा क्रिमॅस्टर स्नायू भरपूर असतो, माणसाच्या बंधाची रचना वेगळी असते. माणसाकडून मिळणारा पुरावा अप्रत्यक्ष आहे: हा मज्जातंतू मज्जारज्जूतून निघतो, आणि पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांत न उतरलेली वृषणे अधिक आढळतात.

जन्मानंतरही याच जेनिटोफेमोरल मज्जातंतूची एक शाखा क्रिमॅस्टर स्नायू हलवते. मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवले की त्या बाजूचे वृषण झटकन वर ओढले जाते. म्हणून तपासताना डॉक्टरांचे हात उबदार आणि मूल निवांत असावे लागते, नाहीतर उतरलेले वृषणही न उतरलेले वाटते. खरोखर न उतरलेले वृषण सहा महिन्यांनंतर स्वतःहून खाली येण्याची शक्यता फार कमी असते. त्यामुळे ते अंडकोशात बसवण्याची शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात.