इस्लामपुरात बसून परदेशी नोकरी

पुण्यात खोली न घेता इस्लामपुरातूनच परदेशी कंपनीत काम करता येतं, हे खरं. 2005 साली निघालेली ‘ऑटोमॅटिक’ ही वर्डप्रेसवाली कंपनी अशीच जगभर विखुरलेली आहे. पण आधी घड्याळ विचारा. कॅलिफोर्नियात सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, त्यांच्या हिवाळ्यात साडेनऊ. जुम्याला अडचण येत नाही. रमजानमध्ये मीटिंग नेमकी तरावीहवर येते. रुजू होण्याआधीच हे लेखी ठरवून घ्या.

बहिणींनो, कागद नीट वाचा. डॉलरचा आकडा ऐकून आपल्याकडे आधी पेढे वाटतात. ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून घेतलं तर पीएफ नाही, कायद्यानं नोकरदार बाईला मिळणारी 26 आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजाही नाही.