तीन बाटल्यांतील शिवार
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



परभणी जिल्ह्यातील शाळेच्या खिडकीतून श्रावणात जो हिरवा दिसतो, तो एकच नसतो. कापसाचे पान गडद, सोयाबीनचे पोपटी, बांधावरील बाभळीचे राखाडी. मुलाच्या चित्रात मात्र अवघे शिवार एकाच बाटलीतील हिरव्याने माखलेले असते. यात मुलाचा दोष नाही. तयार हिरवा हाती दिला की खिडकीबाहेर पाहण्याचे कारणच उरत नाही.

लाल, पिवळा, निळा आणि जोडीला पांढरा एवढ्यावर प्रारंभ करता येतो. फिक्या रंगात गडद रंग थेंबाथेंबाने मिसळावा. पिवळ्यात निळा घातला तर दोन थेंबांत पोपटी होतो. निळ्यात पिवळा ओतू लागल्यास बाटली रिकामी होते आणि रंग गडदच राहतो. शेतमजुराच्या मुलाला त्या बाटलीची किंमत ठाऊक असते, म्हणून तो रंग मिसळण्यास भितो. त्यात गुरुजी म्हणाले, "रंग नासवलास!" की कुंचला कायमचा थांबतो.

वास्तविक तो रंग पुष्कळदा नासलेला नसतो. नारिंगीत निळा पडला की तपकिरी येतो, निळा वाढविला की तो काळसर होतो, आणि हाच गोदाकाठच्या ओल्या काळ्या जमिनीचा रंग! बाटलीतील निव्वळ काळ्याने ती जमीन डांबरासारखी दिसते. वांग्याचा जांभळा साधत नसेल तर लाल तपासावा. शेंदरीकडे झुकणाऱ्या लालात पिवळा आधीच दडलेला असतो. तेथे किरमिजी हवा. हळदीत चुना कालवल्यावर होणारा लाल मात्र रासायनिक क्रियेचा आहे. तो विज्ञानाच्या तासाला दाखवावा.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा माध्यमिक शाळेत येतात. तोवर हाताला वळण लागून गेलेले असते. प्राथमिक शाळेत बहुधा स्वतंत्र कलाशिक्षक नसतो, आणि चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताकडे वळतो. गणिताचे महत्त्व कोण नाकारील? परंतु एक भाग निळा, चार भाग पिवळा हेही प्रमाणच आहे.

पंचायतीने यासाठी इमारत बांधावयाची नाही. चार बाटल्या, डब्यांची पत्र्याची झाकणे आणि स्वच्छ पाणी पुरे. शिक्षकांनी रद्दीच्या कागदाचे तुकडे जवळ ठेवावेत. जलरंग वाळल्यावर फिका पडतो. म्हणून मिश्रण आधी त्या तुकड्यावर लावून वाळू द्यावे आणि तो तुकडा खिडकीशी नेऊन पिकाशी ताडून पाहावा.